दुधावर वाढवलेला बिबट

कामरगाव
२० नोव्हेंबर १९७४

चि. सौ. विजयमालास,

रतनलालचा आशीर्वाद आणि घरच्या सगळ्यांचा जय जिनेंद्र.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. जावईबापू तिकडे विलायतेत दवाखान्यात दिवसरात्र राबतात आणि तू आठवड्याचे तीन दिवस सिंहांच्या त्या आश्रमात फुकट खपतेस, हे वाचून आधी माझं डोकंच सरकलं. कामरगावच्या ज्ञानचंद सेठची पोरगी परदेशात जाऊन पिंजरे झाडते, हे चार लोकांत सांगायचं कसं? पण बाईनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. सर्कसवाल्यानं टाकून दिलेले म्हातारे सिंह, शौकीन लोकांनी कुत्र्यासारखे घरात पाळून मग नकोसे झालेले बछडे. त्यांना मरेपर्यंत सांभाळायचं, खेळ करायचा नाही, पैसा कमवायचा नाही. बाई म्हणाली, "माही पोरगी पांजरपोळात सेवा करून राह्यली. तू तिले काही बोलू नको." आपली मायच तशी म्हणते म्हटल्यावर मी गप बसलो.

आता मोठी बातमी. धनजकडच्या तांड्यावरचा फुलसिंग तुले आठवत असेल, आपल्या दुकानात डिंक आणायचा तो. गेल्या सोमवारी तो घोंगडीत गुंडाळून बिबटाचं पिल्लू घेऊन आला. मांजराएवढं! त्याची माय कोण्या बंदूकवाल्या पाहुण्यांनी नाल्यात मारली. फुलसिंग म्हणाला, "सेठ, तुमी जीवदयावाले लोक, तुमीच ठेवा." बाईनं लगेच पदरात घेतलं. तू तिकडे बछड्याले बाटलीनं दूध पाजतेस असं लिहिलं होतं, म्हणून शेजारच्या धुरपताबाईच्या घरून बाटली आणली. पिल्लू चुरूचुरू प्यायलं. आता ते बाईशिवाय कोणाच्याच हातून काही घेत नाही.

यंदा भगवान महावीरांच्या निर्वाणाचं पंचवीसशेवं वर्ष, आणि ऐन त्याच महिन्यात हा जीव आपल्या दारी आला. मी देवासमोर संकल्प सोडला आहे, की हे पिल्लू मांसाचा घास न घेता वाढेल. त्याचं नाव 'संयम' ठेवलं. तुमच्या तिथल्या मोठ्या सिंहांना काय खाऊ घालतात ते तपशीलवार लिही. दूध किती, तूप किती, सगळं लिही.

तुझा भाऊ,
रतनलाल

•

लँकाशायर, इंग्लंड
४ डिसेंबर १९७४

ती. भाऊ,

शिरसाष्टांग नमस्कार. बाईले पाया पडते म्हणून सांग.

पत्र वाचून आधी मले हसू आलं, मग लगेच हे लिहायले बसली. बाईच्या पदरात बिबट! अरे, आपल्या बाईच्या पदरात आजवर मांजराचं पिल्लू पण नव्हतं बसलं.

पण भाऊ, काही गोष्टी नीट ऐक. आमच्या आश्रमाची मालकीण मिसेस पार्कर भारी कडक बाई आहे. तिचा पहिला नियम असा, की जनावर बघायले लोकांची जत्रा भरवायची नाही. दुसरा, उगाच हात लावायचा नाही, लाड करायचे नाहीत, ते आपलं खेळणं नाही. सोडता आलं तर सोडायचं, नाही सोडता आलं तर त्याले मोकळी जागा द्यायची. म्हणून तू त्याच्या गळ्यात साखळी घालू नको. दुकानासमोर बांधू नको. गोठ्यामागचं कुंपण उंच कर आणि तिथं ठेव.

खाण्याचं म्हणशील तर ते काम इथं दुसऱ्या लोकांकडे आहे, मी त्यात फारशी नसते. लहान आहे तोवर दूध ठीक आहे. पण पुढे नुसत्या दुधावर भागत नाही. अकोल्याहून जनावरांचा डॉक्टर बोलाव आणि तो म्हणेल ते कर. माझ्यापेक्षा त्याचं ऐक.

ह्यांचा नमस्कार.

तुझी,
विजया

•

कामरगाव
९ जानेवारी १९७५

चि. सौ. विजयमालास आशीर्वाद.

तुझे नियम वाचले. तिथल्या गोऱ्या बाईचं तिच्यापाशी. इथं लोकांना बघू दिलं नाही तर त्यांना कळणार कसं? कारंज्यापासून लोक येऊन राह्यले, बाप्पा! रविवारी तर मोटारीनं आले. बाई संयमले मांडीवर घेऊन ओसरीत बसते, लोक लांबून हात जोडतात. पेढीवर मले आता कोणी रतनलाल म्हणत नाही, 'बिबटवाले सेठ' म्हणतात. मी कोणाकडून पैसा घेत नाही, त्यामुळे तुझ्या त्या बाईनं नाक मुरडायचं कारण नाही.

अकोल्याचा डॉक्टर आला होता. पायरी चढला आणि म्हणाला, याले बकऱ्याचं मांस आणि हाडं द्या. ज्ञानचंद सेठच्या घरात उभा राहून! मी त्याले चहा पण न पाजता वाटेला लावलं. दूध, तुपाची खिचडी, बेसनाचं पिठलं पातळ करून, असं सगळं तुझी वहिनी जतन स्वतः रांधते. पोरांसाठी पण ती एवढी खपली नसेल.

आणि परिणाम बघ विजया. तुमचे सिंह डरकाळ्या फोडत असतील. आपला संयम पंजा मारत नाही, उड्या मारत नाही. दिवसभर शांत बसून राहते. पुढचे पाय बाहेरच्या बाजूले वळवून अशी बैठक मारते, की वाटावं कोणी त्यागीच बसला आहे. डोळे अर्धे मिटलेले. तोंडासमोर हात हलवला तरी लक्ष देत नाही, एवढं ध्यान! कारंज्याचे दुलीचंद सेठ बघून गेले, त्यांच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणाले, पूर्वजन्मीचा पुण्यवान जीव आहे.

महावीर जयंतीले कारंज्यात मोठी मिरवणूक आहे. आपल्या देवळाच्या भिंतीवर सिंह आणि गाय एकाच भांड्यातून पाणी पितात तसं चित्र आहे ना? तेच आम्ही गाडीवर जिवंत दाखवणार. एकीकडून संयम, एकीकडून धुरपताबाईची कालवड, मधात पितळेचं भांडं. पत्रकं छापायले टाकली. चिटणीस म्हणून माझं नाव आहे.

रतनलाल

•

लँकाशायर
२२ जानेवारी १९७५

भाऊ,

नमस्कार वगैरे पुढच्या वेळेले करते. आज मले राग आला आहे आणि तो तुझा पण आहे आणि माझा स्वतःचा पण.

तुले त्या पायात त्याग दिसला? अरे, ते पाय मोडून राह्यले! ते ध्यान नाही, भाऊ, त्याले दिसत नाही! पंजा मारत नाही कारण उचलला की दुखतो. डोळे असून आंधळा कसा झालास तू?

आमच्याकडे टोबी नावाचा सिंहाचा बछडा आहे. लंडनच्या एका माणसानं दुकानातून विकत आणला होता, होय, इथं दुकानात मिळायचे. बिऱ्हाडात तिसऱ्या मजल्यावर ठेवला. दूध, पाव, बिस्किटं खाऊ घातली. मायेनं घातली, तुझ्यासारखीच. आमच्याकडे आला तेव्हा त्याचे पुढचे पाय बाहेर वळले होते आणि तो त्या माणसाकडे बघत पण नव्हता, आवाजाकडे मान वळवायचा. डॉक्टरनं एक्स-रे फोटो काढला तर हाडात तीन ठिकाणी चिरा. मिसेस पार्कर त्या माणसाले एवढी बोलली की तो फाटकात बसून रडला. मले तेव्हा त्याची कीव आली होती. आता येत नाही.

आता जे मी लपवलं ते ऐक. खाण्याचं काम दुसऱ्याकडे आहे असं मी डिसेंबरात लिहिलं. ते खोटं होतं. ते काम माझं आहे. आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे जे जनावर मरते ते इथं येते, आणि मी ते कापते. सकाळी सातपासून, रबरी बूट घालून, हातात सुरा घेऊन. पहिल्या दिवशी तोंडानं णमोकार म्हणत होती आणि हातानं कापत होती. घरी येऊन दोनदा आंघोळ केली आणि ह्यांच्याशी बोलली पण नाही. मी स्वतः अजून अंडं पण खाल्लं नाही, आणि खाणार नाही. पण सिंहाचं पोट हे सिंहाचं पोट आहे. त्याले आपला धर्म लागू करायचा अधिकार मले कोणी दिला नाही आणि तुले पण नाही.

मी हे आधीच लिहायले पाहिजे होतं. बाई माझ्या हातचं पाणी पिणार नाही, या भीतीनं मी गप बसली. माझ्या त्या भित्रेपणाची शिक्षा तिकडे ते पिल्लू भोगून राह्यलं.

आजपासून त्याले मांस दे. हाडासकट दे, नुसतं मऊ नको. वर हाडाची पूड घाल. थोडी कलेजी पण दे, म्हणजे आतडी नाही, काळीज, आठवड्यातून एकदा. फुलसिंगले सांग, तो आणून देईल, तुझे हात विटाळणार नाहीत. उन्हात बसव. मांडीवर घेणं बंद करा. आणि त्या गाडीवर त्याले चढवशील तर बैलाच्या पहिल्याच हिसक्याले त्याचा पाय तुटेल, लोकांच्या डोळ्यांदेखत, ढोलताशाच्या गलक्यात.

ठेवायचा असेल तर त्याच्या पोटासाठी ठेव. आपल्या पुण्यासाठी ठेवू नको.

हे पत्र बाईले वाचून दाखव. सगळं. एक ओळ गाळू नको.

विजया

•

कामरगाव
१२ फेब्रुवारी १९७५

विजयमाला,

तुझं पत्र मी जतनले पण दाखवलं नाही. चुलीत घातलं.

लाज नाही वाटली? सुरा घेऊन! आपल्या आज्यानं कांद्याचं नाव घेतलं नाही, आपल्या दुकानात आजवर मध विकला नाही, आणि त्या घरची लेक तिकडे कसायाचं काम करते, तेही फुकट! वर मलेच शिकवते. जावईबापूंना चालते का हे? त्यांना विचारायची माझी हिंमत होत नाही.

बाईले मी काय वाचून दाखवलं ते ऐक. विजया खुशाल आहे, सिंह खुशाल आहेत, थंडी फार आहे. बाई हसली. तिले एवढंच पुरे. सत्तरीची बाई, वीस वर्षांपासून एकदाच जेवते, तिच्या कानात मी असलं काही घालणार नाही आणि तू पण घालायचं नाही. उन्हाळ्यात मुनिसंघ कारंज्यावरून जाणार आहे. कामरगावात मुक्काम ठरला आहे. आपल्या घरी मुनींचा आहार व्हावा, आपल्या हातून त्यांच्या ओंजळीत घास पडावा, यासाठी बाई आयुष्यभर थांबली. तुले माहीत आहे. त्यात तुझा सुरा आणू नको.

संयमचं म्हणशील तर जरा लंगडते. सांधे आखडले असतील, जतन तेल चोळून देते. चोळताना ओरडते थोडं. वाढत्या वयात होते असं.

पत्रकं वाटून झाली. दोन हजार. मिरवणूक होणार.

पुन्हा असलं पत्र आलं तर न फोडता परत पाठवीन.

रतनलाल

•

लँकाशायर
२५ फेब्रुवारी १९७५
(सौ. धुरपताबाई यांच्या पत्त्यावर. आतलं पत्र भागिरथीबाईंच्या हातात द्यावे.)

बाई,

तू पोथी वाचतेस तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिते आहे. अक्षर अक्षर जुळवून वाच. भाऊकडून वाचून घेऊ नको. तो तुले खरं वाचून दाखवत नाही.

मी इथं सिंहांना मांस कापून घालते. माझ्या हातानं. तुले सांगितलं नाही, कारण तू नातं तोडशील म्हणून भ्यायली.

तुझ्या मांडीवरचं पिल्लू उपाशी आहे. रोज पोटभर खाऊनही उपाशी आहे. दुधानं आणि खिचडीनं त्याची हाडं ठिसूळ झाली आणि डोळे चालले. तेल चोळताना ते ओरडते ना? हाड दुखते म्हणून ओरडते. त्याले मांस पाहिजे आणि हाडं पाहिजेत. नाही दिलं तर ते मरेल. हळूहळू मरेल, तुझ्याच मांडीवर.

भाऊ देणार नाही. फुलसिंगच्या हातून ते घेणार नाही. कोणाच्या हातून घेते ते तुले माहीत आहे.

मी तुले असं कर म्हणत नाही. मले तो अधिकार नाही. खरं काय ते सांगितलं, बस.

रागव. शिव्या दे. पण वाच.

विजया

•

कामरगाव
२६ एप्रिल १९७५

विजयमाला,

झालं तुझं समाधान?

महिनाभरापासून बाई देवळात गेली नव्हती. पायरीवरूनच हात जोडून परत यायची. विचारलं तर म्हणे गुडघे दुखतात. आपलं ताट वेगळं काढलं, स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. गोठ्याच्या दाराले कुलूप, किल्ली कमरेले. मी म्हटलं म्हातारपण आहे. मी मूर्ख!

जयंतीच्या दिवशी सकाळी दुलीचंद सेठ स्वतः गाडी घेऊन दारात आले. बैलांना झुली घातलेल्या, भांडं घासून ठेवलेलं, कालवड सजवलेली. सगळं गाव रस्त्यावर. आणि बाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

तिनं काय सांगितलं ते मी माझ्या हातानं लिहिणार नाही. तिच्याकडूनच ऐक. रिकामी गाडी परत गेली, आणि दुलीचंद सेठ जाताना माझ्याकडे असे बघत होते, जसं मी त्यांच्या ताटात काही टाकलं.

चिटणीसपद सोडलं. दुकानात बसायले तोंड राहिलं नाही.

यापुढे मले पत्र लिहू नको.

रतनलाल

•

कामरगाव
१२ मे

विजये,

माह्या हातचं हे पहिलं पत्र हाय, आन् राग इतका हाय की टाकानं कागद फाटून राह्यला.

तुहं पत्र धुरपतानं मले आनून देल्लं. दोन दिस लागले वाचाले. वाचलं अन् मी गोठ्यात जाऊन त्या पिल्लाचा पाय हातात घेतला. जरासाच दाबला. थे ओरडलं. मंग म्या जतनले म्हनलं, तेल चोळू नको आता. एवढंच म्हनलं.

फुलसिंगले बलावलं. त्यानं पानात बांधून आनलं. त्यानं समोर ठेवलं तर ह्या लेकरानं मान फिरवली. त्याले दिसेना, वास आला तं घाबरलं. दोन घंटे तसंच. मंग म्या हात घातला, विजये. या हातानं. ज्या हातानं साठ वर्सं देवाले अभिषेक केला त्या हातानं. त्याच्या तोंडापाशी नेलं तं त्यानं माह्या बोटाचा वास घेतला अन् खाल्लं. म्या भायेर जाऊन ओकली. दुसऱ्या दिशी पुना ओकली. तिसऱ्या दिशी नाई ओकली, अन् त्याचंच मले जास्त रडू आलं.

जयंतीच्या दिशी दुलीचंद गाडी घेऊन आला. एवढाले लोक. मले वाटलं दार उघडून द्यावं, गप ऱ्हावं, कोनाले कळते? अन् मंग दुलीचंद म्हनला का भागिरथीबाई, तुमी लई मोठं काम केलं, वाघाले बकरी केलं. तवा माहं डोस्कं तापलं. म्या म्हनलं, "वाघच हाय त्यो. आज सकायी माह्या हातचं मटन खाऊन बसला हाय. घ्या, चढवा गाडीवर." बायायनं पदर तोंडाले लावले. रतन भिंतीकडे तोंड करून हुबा ऱ्हायला.

परवा मुनिसंघ आला. समद्या घरच्या बाया कलश घेऊन दारात हुब्या होत्या. आपल्या दारात जतन हुबी होती. म्या गोठ्यात बसली व्हती, कवाड लावून. मुनी आपल्या दारावरून पुढं गेले, थांबले नाईत. जतन रडली. म्या नाई रडली. मले राग आला व्हता, रडाले जागाच नाई ऱ्हायली.

राग कोनाचा ते आयक. तू मांस कापते त्याचा नाई. ते तुहं तू जान. राग याचा हाय का तू मले मांगशीर महिन्यात सांगतलं नाई. तू भ्याली. तुहा भाऊ लोकायच्या वाहवाले भुलला. अन् म्या चार महिने त्या लेकराले मांडीवर घेऊन पुन्य समजून उपाशी मारलं. तू म्हनते बाई तोडल. अवं, काहून तोडीन? विचारलं व्हतं का मले? माही पोरगी मले पोथीतली बाई समजते, माय समजत नाई! माह्यापाशी खरं बोलाची हिंमत नाई तुले, अन् सिंहापाशी जाते!

आता त्याचं आयक. मागचे पाय बरे हायेत. पुढचे वाकडेच ऱ्हायले, पन उठून चालते. एक डोळा गेला. दुसऱ्यानं बघते, काल कावळ्याकडे बघून गुरगुरलं. रानात काई जाऊ शकनार नाई म्हनते फुलसिंग. तं इथंच ऱ्हाईल, जवर मी हाय तवर. रतननं कुंपन उंच करून देल्लं, न बोलता. दुकानात जाते, येते. भाकर खाते. त्याले पत्र लिहत ऱ्हाय, तो पाठवू नको म्हनला तरी. त्याच्यावर जास्त रागवू नको, थे माह्यासाठी ऱ्हाऊ दे.

अन् हे लवकर कळव. आता त्याले सुळे येऊन राह्यले. फुलसिंग म्हनते अख्खी कोंबडी द्या. ती पिसासगट द्याची का सोलून? अन् किती दिसानं? खरं लिही.

तुही माय,
भागिरथी